आफ्रिकेचा इतिहास कोणाच्या कागदांवरून वाचायचा?

१९६१ साली ब्रिटनच्या वसाहत खात्याकडून वसाहतींमधल्या अधिकाऱ्यांना लेखी सूचना गेल्या. स्वातंत्र्याचा दिवस जवळ येतोय, दफ्तरं आवरायला घ्या, हा त्यांचा मथितार्थ. राणीच्या सरकारची अडचण होईल, पोलिसांची, लष्कराची किंवा खबऱ्यांची नावं उघडी पडतील, असा कुठलाही कागद नव्या सरकारच्या हाती लागता कामा नये. काही कागद लंडनला पाठवायचे, बाकीचे जाळायचे. जाळल्यावर राहिलेली राख चुरून टाकायची. जाळणं जमणार नसेल तर कागद वजन घातलेल्या पेट्यांत भरून किनाऱ्यापासून शक्य तितक्या दूर, प्रवाह नसलेल्या खोल पाण्यात सोडायचे. काही फायलींवर इंग्रजी ‘डब्ल्यू’ अक्षराचा शिक्का असे. त्यांना हात लावण्याची मुभा फक्त युरोपीय वंशाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याला. अशा फायली आहेत, हेसुद्धा कचेरीतल्या आफ्रिकी कारकुनाला कळू द्यायचं नव्हतं.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. हे मुलांना सांगताना राखेपाशी आलो की मी दर वेळी थांबतो. जळलेल्या कागदावरची अक्षरं कधी कधी राखेवरही दिसतात. सूचना लिहिणाऱ्याला ते ठाऊक असणार. पुढे कधीतरी कोणीतरी ही राखसुद्धा वाचायला बसेल, अशी त्याला धास्ती होती.

सगळंच जळलं नाही. ३७ वसाहतींच्या सुमारे ८,८०० फायली इंग्लंडमध्ये हॅन्सलोप पार्क नावाच्या सरकारी आवारात कुलपात पडून होत्या. त्या आहेत हे ब्रिटिश सरकारने २०११ साली कबूल केलं, तेही केनियातल्या काही वृद्धांनी लंडनच्या कोर्टात दावा लावला म्हणून. १९५२ साली केनियात आणीबाणी पुकारली गेली, माऊ माऊ उठाव मोडण्यासाठी किकुयू जमातीच्या हजारो लोकांना छावण्यांत डांबलं गेलं, आणि तिथे त्यांच्यावर जे अत्याचार झाले त्याची भरपाई ही माणसं मागत होती. या काळातला एक कागद केनियाच्या ॲटर्नी जनरलने १९५७ साली लिहिलेला आहे. पाप करायचंच असेल तर ते गुपचूप केलं पाहिजे, अशा अर्थाचं वाक्य त्यात आहे. जून २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारने खेद व्यक्त केला आणि ५,२२८ जणांसाठी १ कोटी ९९ लाख पौंड मान्य केले.

या प्रकरणातली एक गोष्ट मला भरपाईच्या रकमेपेक्षा मोठी वाटते. कॅरोलिन एल्किन्स या इतिहासकार बाईंनी छावण्यांमधून वाचलेल्या शेकडो माणसांशी बोलून २००५ सालीच हे सगळं मांडलं होतं. तेव्हा अनेक जाणकारांनी नाकं मुरडली. म्हाताऱ्यांच्या आठवणी, अतिशयोक्ती, कागद कुठे आहे, असं म्हटलं गेलं. त्यांच्या काही आकड्यांवर आजही मतभेद आहेत आणि ते असायला हरकत नाही. पण छळ झाला, वरपर्यंत माहीत असताना झाला, हे कागदाने सांगण्याआधी माणसांनी सांगितलं होतं. ज्यांनी कागद दडवले त्यांचा शब्द अर्धशतकभर पुरावा म्हणून चालला, आणि ज्यांच्या अंगावर वळ होते त्यांचं बोलणं ऐकीव ठरलं.

म्हणून माझं म्हणणं असं, की आफ्रिकेचा आधुनिक इतिहास राज्यकर्त्यांनी मागे ठेवलेल्या कागदांवरून वाचला तर तो त्यांच्या सोयीचाच वाचला जातो. आणि ही गोष्ट मराठी वाचकाला सगळ्यात आधी कळायला हवी होती. आपण हा धडा स्वतःच्या इतिहासात गिरवलेला आहे. तरीही आपली आफ्रिका अजून साहेबाच्या दफ्तरातलीच आहे.

आपल्याकडे शिकवली जाणारी आफ्रिका पीटरमारित्झबर्गच्या फलाटावर सुरू होते आणि मंडेलांच्या सुटकेपाशी संपते. मधे बर्लिनची परिषद येते. १८८४-८५, १४ देश, एकही आफ्रिकी प्रतिनिधी नाही, खंडाचे लचके. परीक्षेत टीप लिहिण्यापुरतं. भारताच्या नऊपट मोठ्या, ५४ देशांच्या खंडाला तृतीय वर्षाच्या पुस्तकात दोन-चार पानं मिळतात, आणि त्या पानांवरही हलणारी-बोलणारी माणसं बहुतेक युरोपीयच असतात.

दक्षिण आफ्रिकेचंच घ्या. ११ सप्टेंबर १९०६, जोहान्सबर्गचं एम्पायर थिएटर, सत्याग्रहाची शपथ. ही तारीख माझ्या विद्यार्थ्यांना पाठ असते. त्याच वर्षी नाताळ प्रांतात डोईपट्टीच्या विरोधात बंबाथा नावाच्या सरदाराच्या नेतृत्वाखाली झुलू लोकांनी उठाव केला आणि त्यात तीन हजारांवर माणसं मारली गेली. हे मी विचारलं तर वर्गात शांतता असते. गांधीजी त्या वेळी जखमींना उचलणाऱ्या भारतीय पथकासह तिथेच होते. ही लढाई नव्हती, माणसांची शिकार होती, असं त्यांनी स्वतः आत्मकथेत लिहून ठेवलंय. १९१३ साल म्हटलं की आपल्याला भारतीय खाणकामगारांचा संप आणि ट्रान्सवालकडे निघालेला मोर्चा आठवतो. त्याच १९१३ मध्ये जमिनीचा कायदा झाला आणि देशातल्या बहुसंख्य लोकांसाठी सुमारे सात टक्के जमीन उरली. पुढच्या सगळ्या वर्णभेदी राजवटीचा पाया तिथे घातला गेला. गांधीजींच्या फिनिक्स आश्रमापासून थोड्याच अंतरावर जॉन डुबे यांची ओहलांगे शाळा होती. दोघांची वर्तमानपत्रं १९०३ सालीच सुरू झाली, गांधीजींचं ‘इंडियन ओपिनियन’ आणि डुबे यांचं झुलू भाषेतलं ‘इलांगा’. पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या नावाने ओळखली गेलेली संघटना १९१२ मध्ये स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष हेच डुबे. १९९४ मध्ये आयुष्यातलं पहिलं मत टाकायला मंडेला मुद्दाम याच शाळेत गेले. फिनिक्स आपल्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. शेजारची ओहलांगे एकाही पुस्तकात मला भेटलेली नाही.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. ते आपल्याला वाचतात. घाना विद्यापीठाच्या आवारात २०१६ साली भारताने गांधीजींचा पुतळा बसवला आणि तिथल्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी गांधीजींचं सुरुवातीच्या काळातलं आफ्रिकी लोकांविषयीचं लेखन पुढे ठेवून त्याला विरोध केला. डिसेंबर २०१८ मध्ये पुतळा हलवला गेला. आपल्याकडे त्यावर संताप झाला, काही ठिकाणी हळहळ झाली. त्यांच्या मुद्द्याला उत्तर देण्याइतका त्यांचा इतिहास मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत होता. गांधीजी पुढे किती बदलले, हे ठामपणे सांगायचं तरी ज्यांच्याविषयी बोलतोय ती माणसं ओळखीची हवीत.

साहेबाच्या इतिहासाला उत्तर कसं द्यायचं, हे आपल्याला नवीन नाही. ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास लिहिला. चाळीसेक वर्षांनी नीळकंठ जनार्दन कीर्तने या कोवळ्या विद्यार्थ्याने पुण्यात त्याच्यावर टीका वाचली. त्यातून लोकांच्या मनात जो प्रश्न उठला, तो पुढे वि. का. राजवाड्यांना गावोगाव घेऊन गेला. वाड्यांचे माळे, देवघरांतली बासनं, वाण्याकडे पुड्या बांधायला निघालेली दफ्तरं. १८९८ पासून एकामागून एक खंड छापले गेले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं.

आता हेच नायजेरियात पाहा. केनेथ ओन्वुका डिके १९५० च्या सुमारास लंडनहून डॉक्टरेट घेऊन मायदेशी परतले. नायजर नदीच्या मुखाशी चालणारा व्यापार त्यांनी युरोपीय कंपन्यांच्या बाजूने लिहिला नाही. तिथल्या आफ्रिकी व्यापारी घराण्यांचं राजकारण त्यांनी मधोमध आणलं. मग ते देशभर सरकारी कचेऱ्यांमधून हिंडले. वाळवी लागलेली, ओल आलेली दफ्तरं त्यांनी पाहिली आणि सरकारच्या मागे लागून देशाचं अभिलेखागार उभं केलं. इबादान विद्यापीठात त्यांच्याभोवती इतिहासकारांची एक पिढी तयार झाली. राजवाड्यांच्या कामावर वाढलेल्या माणसाला डिके परके वाटणार नाहीत. पण मराठीत डिके यांच्यावर चार ओळी वाचल्याचं मला आठवत नाही. हे घडत असतानाच, १९६३ साली, ऑक्सफर्डचे नामवंत प्राध्यापक ह्यू ट्रेव्हर-रोपर सांगत होते की आफ्रिकेत आहे तो फक्त युरोपीयांचा इतिहास, बाकी सगळा अंधार, आणि अंधार हा इतिहासाचा विषय होत नाही. दुसऱ्याच वर्षी युनेस्कोने आफ्रिकेचा सर्वसाधारण इतिहास आफ्रिकी इतिहासकारांच्या पुढाकाराने लिहून घेण्याचं काम हाती घेतलं. आठ खंड झाले. ते पुरे व्हायला जवळपास तीस वर्षं लागली.

जिथे कागदच नाहीत तिथे काय करायचं, हा प्रश्न आफ्रिकेत आपल्यापेक्षा फार मोठा होता. त्याचं मला सगळ्यात आवडणारं उत्तर टांझानियातलं आहे. आजच्या टांझानियाची मुख्य भूमी तेव्हा जर्मन पूर्व आफ्रिकेचा भाग होती. १९०५ साली सक्तीच्या कापूस लागवडीला कंटाळलेल्या दक्षिणेकडच्या लोकांनी उठाव केला. किंजिकितिले नावाच्या एका मांत्रिकाने मंतरलेलं पाणी वाटलं होतं. जर्मनांच्या गोळ्यांचं पाणी होईल, असा विश्वास. स्वाहिलीत पाण्याला ‘माजी’ म्हणतात, म्हणून हा माजी माजी उठाव. जर्मनांनी गावं आणि उभी पिकं जाळली. त्यानंतरच्या दुष्काळासह मेलेल्यांचे अंदाज ७५ हजारांपासून तीन लाखांपर्यंत जातात. जर्मन कागदांत हा उठाव म्हणजे अंधश्रद्ध रानटी लोकांचं वेड.

१९६८ च्या सुमारास दार-ए-सलाम विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्यांना त्या भागात, शक्यतो त्यांच्या स्वतःच्या मुलखात पाठवलं. जा, उठाव पाहिलेले म्हातारे-म्हाताऱ्या अजून आहेत, त्यांना विचारा. मुलं आपापल्या भाषेत बोलली आणि लिहून घेऊन आली. मग कळलं की पाण्याच्या आधी कापूस होता. मुखियाच्या शेतात वेठीने राबायचं, वर्षाच्या शेवटी हातात चार दिडक्याही पडायच्या नाहीत, आणि आपल्या शेतातलं धान्य मात्र राखणीवाचून रानडुकरं खायची. एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या वीसेक जमातींना एका पाण्याने का बांधलं, याचं उत्तर जर्मन फायलीत नव्हतं. ते म्हाताऱ्यांच्या अंगणात सापडलं.

आपल्याकडे पोवाडा आहे, जात्यावरच्या ओव्या आहेत. अफझलखान वधाचा अज्ञानदासाचा पोवाडा इतिहासकार साधन म्हणून वापरतात. त्यातलं वर्णन किती घ्यायचं आणि किती सोडायचं यावर वाद घालतात, पण तो फेकून देत नाहीत. पश्चिम आफ्रिकेत ग्रिओ म्हणून पिढीजात गायक असतात. राजघराण्यांच्या वंशावळी आणि लढाया त्यांच्या तोंडी असतात. शाहिराला ऐकायचं कसं, हे ज्याला येतं त्याला ग्रिओ ऐकायला फार वेळ लागणार नाही. शाहीर कोणाच्या पदरी होता, कोणासमोर गायला, कशाबद्दल गप्प बसला, हेच प्रश्न तिथेही विचारायचे.

“आपलाच इतिहास धड शिकवला जात नाही, आफ्रिका कशाला?” असं मला सहकारी म्हणतात. प्रश्न रास्त आहे. मी त्याला आपल्याच इतिहासातून उत्तर देतो, कारण आफ्रिका आपल्याच इतिहासात बसलेली आहे. नाशिकला जाणारा माणूस शरणपूर रोडवरून गेल्याशिवाय राहत नाही. त्या रस्त्यावर दवाखाने, बँका, कपड्यांची दुकानं. शरणपूर हे नाव कुठून आलं, हे मी तिथे राहणाऱ्या अनेकांना विचारून पाहिलंय. १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकच्या वेशीवर शरणपूर नावाची वस्ती वसवली. अरबी समुद्रात गुलाम वाहणारी गलबतं ब्रिटिश आरमार पकडायचं, त्यातली मुलं मुंबई बंदरात उतरवली जायची, आणि त्यांतली कित्येक नाशिकला आणली जायची. आजच्या मलावी, मोझांबिक, टांझानियातून पळवलेली ही मुलं गोदावरीकाठी सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकली.

त्यांतला एक जेकब वेनराइट. १८७२ मध्ये आफ्रिकेत फिरणाऱ्या डेव्हिड लिव्हिंगस्टन या ब्रिटिश मिशनरी-प्रवाशाच्या मदतीला नाशिकचे जे तरुण पाठवले गेले त्यांत तो होता. १८७३ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला आजच्या झांबियात चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला. बरोबरच्या आफ्रिकी माणसांनी त्याचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं. देह उन्हात वाळवून, झाडाच्या सालीत गुंडाळून त्यांनी तो खांद्यावरून किनाऱ्यावर आणला. जवळजवळ नऊ महिने लागले. झाडावरचा लेख वेनराइटने कोरला, प्रवासाची रोजनिशीही त्यानेच ठेवली. शवपेटीबरोबर तो इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये पेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. त्या थडग्यावर इंग्रजीत कोरलंय, की विश्वासू हातांनी भूमी आणि समुद्र ओलांडून हा देह इथे आणला. त्या हातांची नावं दगडावर नाहीत.

आफ्रिकेच्या आधुनिक इतिहासाचा अभ्यास म्हणजे मला या हातांची नावं शोधणं वाटतं. आणि इथे ती नावं शोधायला नाशिकहून सुरुवात करता येते. पुढे १८७५ साली मोम्बासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रेअर टाउन वसवलं गेलं. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं नाव त्याला दिलं, आणि शरणपूरची बरीच मंडळी तिथे गेली. तिकडे त्यांना बॉम्बे आफ्रिकन म्हणत. गुलामांच्या गलबताची खबर द्यायला बांधलेली घंटा तिथे अजून आहे, आणि त्या चौकाला लोक ‘केंगेलेनी’, म्हणजे घंटेपाशी, असं म्हणतात.

मुंबई या इतिहासात फक्त शरण देणारी नव्हती, हेही तितक्याच स्पष्टपणे शिकवावं लागेल. १८६७ च्या अखेरीस मुंबई सैन्याचे सेनापती रॉबर्ट नेपियर इथून फौज घेऊन इथिओपियावर गेले. १३ हजार सैनिक, त्यात हिंदी पलटणींचा भरणा, आणि डोंगरातून तोफा ओढायला ४४ हत्ती. १३ एप्रिल १८६८ रोजी मग्दलाचा किल्ला पडला आणि सम्राट तेवोद्रोस यांनी स्वतःला गोळी घालून घेतली. किल्ल्याची लूट हत्तींवर आणि खेचरांवर लादली गेली. शेकडो हस्तलिखितं, चर्चमधली भांडी, मुकुट. इथिओपिया ती आजही परत मागतोय. तेवोद्रोस यांचा लहानगा मुलगा अलेमायेहू इंग्लंडला नेला गेला आणि १८ व्या वर्षी तिथेच वारला. इथिओपियाच्या बाजूने पाहिलं तर ती फौज मुंबईहून आली होती. आपण कोणाच्या तरी इतिहासात चाल करून आलेले आहोत, हे समजणं मला फार गरजेचं वाटतं. सतत सोसणाऱ्याच्या भूमिकेतून जग पाहायची सवय त्याने मोडते.

पुण्यात शिकणाऱ्या एका सुदानी मुलाने मला एकदा विचारलं, “सर, खोली बघायला गेलं की आफ्रिका म्हटल्यावर लोक दार लावून घेतात. खडकवासल्याची ती मोठी इमारत कोणाच्या पैशाने उभी राहिली, हे त्यांना माहीत असतं का?” खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, म्हणजे एनडीएच्या, मुख्य इमारतीचं नाव सुदान ब्लॉक आहे. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत लढलेल्या हिंदी सैनिकांच्या स्मरणार्थ सुदानने दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली. १९४१ मध्ये इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरावर मराठा पलटणींची माणसंही पडली होती. मी त्याला म्हटलं, माहीत नसतं. तो काही बोलला नाही.

चुकीचा इतिहास किती महाग पडतो, हे पाहायचं तर रवांडा पाहावं. तुत्सी हे उत्तरेकडून, इथिओपियाच्या बाजूने आलेले श्रेष्ठ वंशाचे आणि हुतू हे मूळचे हीन, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय प्रवाशांनी रचली. वाचताना आपल्याकडच्या वंशसिद्धांतांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. बेल्जियमने १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू की तुत्सी हे लिहून टाकलं. एकच भाषा बोलणाऱ्या, एकाच गावात राहणाऱ्या, एकमेकांत लग्नं करणाऱ्या माणसांच्या खिशात हा कागद साठ वर्षं राहिला. नोव्हेंबर १९९२ मध्ये एका पुढाऱ्याने जाहीर सभेत सांगितलं, तुत्सींना न्याबारोंगो नदीतून इथिओपियाला परत पाठवू. एप्रिल १९९४ पासून शंभरेक दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. रस्त्यावरच्या नाक्यांवर ओळखपत्रं तपासली जात होती, आणि नदीतून प्रेतं वाहत होती.

मात्र सगळं पाप गोऱ्यांच्या माथी मारून मोकळं होणं हाही अभ्यास नव्हे. मारणारे हात रवांडातलेच होते. काँगोचे पहिले पंतप्रधान लुमुंबा यांचा १७ जानेवारी १९६१ रोजी खून झाला त्यात बेल्जियमचा वाटा होता, पण पुढे हुकूमशहा मोबुतू यांनी ३२ वर्षं देश लुटला तो स्वतःच्या हाताने. मोह फार असतो. साहेबाच्या इतिहासाला उत्तर म्हणून आपल्या सत्ताधाऱ्यांची भाटगिरी लिहिली जाते. टेरेन्स रेंजर या ब्रिटिश इतिहासकाराला ऱ्होडेशियाच्या, म्हणजे आजच्या झिंबाब्वेच्या, गोऱ्या सरकारने १९६३ मध्ये हाकललं. ते दार-ए-सलामला गेले, आफ्रिकी प्रतिकाराचा इतिहास लिहिण्यात त्यांनी हयात घालवली. याच रेंजर यांनी उतारवयात झिंबाब्वेच्या सरकारी ‘देशभक्त इतिहासा’वर कडक टीका केली. त्या इतिहासात देश दोनच प्रकारच्या माणसांचा होता, क्रांतिकारक आणि गद्दार. १९८० च्या दशकात मुगाबे सरकारच्या सैन्याने माटाबेलेलँडमध्ये मारलेल्या हजारो माणसांना त्यात जागा नव्हती. आपल्या बाजूने लिहिलेल्या इतिहासाचं पुढे काय होतं, हे पाहून उलट बोलायला धैर्य लागतं. इतिहासाच्या नावाने पुस्तकं बंद पाडलेली ज्यांनी महाराष्ट्रात पाहिली आहेत, त्यांना रेंजर यांची किंमत कळेल.

आता करायचं काय? आफ्रिकेशी व्यापार वाढतोय, चीन पुढे गेलाय, म्हणून आफ्रिका शिका, असं हल्ली सांगितलं जातं. त्यातून बाजाराचे अहवाल तयार होतील, आणि अहवालात माणूस गिऱ्हाईक म्हणूनच येतो. मला पदवीच्या इतिहासात एक पूर्ण पेपर हवा आहे, आणि त्यात डिके, माजी माजी, बंबाथा, हॅन्सलोप पार्क हवेत. मुंबई विद्यापीठात आफ्रिका अभ्यासाचं केंद्र १९७१ पासून आहे, पण तिथलं ज्ञान जिल्ह्याच्या कॉलेजात मराठीतून पोचत नाही. स्वाहिली शिकणं आपल्याला अवघड नाही. पैशाला पेसा, दुकानाला दुका, गाडीला गारी, लाखाला लाकी. आपल्या किनाऱ्यावरून तिकडे गेलेले शब्द आहेत हे. १९२० पर्यंत ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत रुपयाच चालत होता.

आणि गोवा तर या अभ्यासाचं घरच व्हायला हवं. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याहून चालायचा, त्याची दफ्तरं पणजीत आहेत. बार्देशचे आक्विनो द ब्रागांसा मोझांबिकच्या मुक्तिलढ्यात उतरले, मापुतोच्या विद्यापीठात आफ्रिका अभ्यास केंद्राचे संचालक झाले आणि १९ ऑक्टोबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांच्याबरोबर विमान अपघातात गेले. नैरोबीत जन्मलेले पियो गामा पिंटो शिकायला इकडे आले, मुंबईत नोकरी केली, गोवामुक्तीच्या कामात पडले. परत गेल्यावर माऊ माऊंना मदत केली म्हणून १९५४ मध्ये ब्रिटिशांनी त्यांना डांबलं. स्वतंत्र केनियात गरिबांच्या जमिनीसाठी बोलत राहिले. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत राहत्या घराच्या फाटकाशी त्यांना गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा धाकटी मुलगी गाडीत मागच्या सीटवर होती. वय ३७. मडगावच्या किंवा म्हापशाच्या एखाद्या मुलीने पोर्तुगीज शिकून ब्रागांसांवर आणि स्वाहिली शिकून पिंटोंवर काम करावं, अशी माझी फार इच्छा आहे.

दरवर्षी दोन-तीन विद्यार्थ्यांना घेऊन मी मुंबईला काळा घोड्याला जातो. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्याच्या पुराभिलेखागारात मुंबई सरकारची दफ्तरं आहेत. झांझिबारचा ब्रिटिश वकील एकोणिसाव्या शतकात बराच काळ मुंबई सरकारला कळवत असे, त्यामुळे तिथला पत्रव्यवहार त्यांत आहे. पकडलेली गलबतं आणि उतरवलेली मुलंही. हेही साहेबाचेच कागद, तेव्हा ओळींमधलं वाचायला शिकावं लागतं. मूल कुठून आलं, त्याचं आईने ठेवलेलं नाव काय होतं, कोणी विचारलं का. गेल्या वर्षी एका मुलीने दिवसभर मान वर केली नाही. या फायली कोणी जाळल्या नाहीत, समुद्रात सोडल्या नाहीत. मागणीची चिठ्ठी भरून दिली की शिपाई त्या आणून टेबलावर ठेवतो.